तीन रंग, पण करडा एकच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात तीन वर्षांच्या पावसाचा एक आलेख आला होता. बातमी चांगली होती, आकडे गोळा करणाऱ्याचे कष्टही दिसत होते, पण आलेख छापला होता आतल्या काळ्यापांढऱ्या पानावर आणि खाली लिहिलं होतं, लाल रेघ यंदाची, हिरवी गेल्या वर्षीची, निळी त्याच्या आधीची. आता काळ्यापांढऱ्या पानावर लाल कुठली नि हिरवी कुठली हे वाचकाने कसं ओळखायचं? मी चष्मा पुसून बघितला, पेपर खिडकीपाशी नेऊन बघितला, तिन्ही रेघा सारख्याच करड्या. माझे सासरे म्हणाले, "अगं, एकच रेघ तीनदा काढलीय का यांनी?"

मी स्वतः बरीच वर्षं डीटीपी आणि ग्राफिक्सचं काम करते त्यामुळे हे सोडून द्यायला मन होईना. कॉम्प्युटरवर आपला ई-पेपर उघडला, तिथे तेच पान रंगीत होतं, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन फोटोशॉपमध्ये आणला आणि आयड्रॉपरने (चित्रातला रंग उचलून त्याचा आकडा देणारं हत्यार) तिन्ही रेघांचे रंग उचलले. (आयड्रॉपर वापरणाऱ्यांसाठी जाता जाता सांगते, तो पॉइंट सॅम्पलवर ठेवू नका, ५ बाय ५ ॲव्हरेजवर (आसपासच्या ठिपक्यांच्या सरासरीवर) ठेवा. जेपेगमध्ये रेघेच्या कडेला रंग सांडलेले असतात, एकाच पिक्सेलवर टिचकी मारली तर भलताच रंग हाती लागतो आणि तुम्ही तोच खरा समजून अख्खं डिझाईन त्यावर उभं करता.) तर आकडे आले ते असे. लाल म्हणजे २२०, ६०, ५०. हिरवा ४०, १५०, ६०. निळा ६०, ११०, २२०. आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तीन दिवे किती पेटवायचे त्याचे आकडे, प्रत्येकाला ० ते २५५.

रंगीत चित्राचं करडं करताना टीव्हीच्या काळापासून चालत आलेला एक हिशोब आहे. लालचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ घ्यायचे नि बेरीज करायची. हिरव्याला एवढा वाटा का, तर आपल्या डोळ्याला उजेडाचा अंदाज सगळ्यात जास्त तिथूनच येतो, निळ्यातून फारच थोडा. आता हा हिशोब त्या रेघांना लावा. लालचा आला १०७. हिरव्याचाही १०७. निळ्याचा १०८. मला खरंच हसू आलं, कारण मुद्दाम शोधायला बसलं असतं तरी एवढे जुळणारे तीन रंग पटकन सापडले नसते. सासऱ्यांचं बरोबर होतं, काळ्यापांढऱ्यात ती एकच रेघ तीनदा काढलेली होती.

आता हे वाचून आपल्या आर्टिस्टला बोलणी बसू नयेत म्हणून लगेच सांगते, मी हीच चूक कित्येक वर्षं केलीय. आणि माझ्या मते यात माणसापेक्षा त्या खिडकीचा दोष जास्त आहे, कलर पिकरच्या खिडकीचा. आपण सगळे तिच्यातून रंग निवडतो पण ती काय दाखवते आणि काय लपवते हे कुठल्या क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. क्लासमध्ये शिकवतात काय, तर इथे क्लिक करा, रंग आवडला की ओके करा.

ती खिडकी डोळ्यांसमोर आणा. एक मोठा चौकोन, शेजारी इंद्रधनुष्यासारखी उभी पट्टी. पट्टीवर ह्यू, म्हणजे रंगाची जात, लाल की पिवळा की निळा. चौकोनात उजवीकडे गेलं की सॅच्युरेशन वाढतं म्हणजे रंग भडक होतो, डावीकडे पांढुरका, खाली गेलं की काळपट. काही सॉफ्टवेअरमध्ये चौकोनाच्या जागी चाकात बसवलेला त्रिकोण असतो, पण आतला कारभार तोच. याला एचएसव्ही (ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू) म्हणतात, फोटोशॉपवाले व्हॅल्यूला ब्राइटनेस म्हणतात म्हणून एचएसबी. कॉम्प्युटर ग्राफिक्समधल्या अल्वी रे स्मिथने १९७८ मध्ये ते मांडलं आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी जोब्लोव्ह आणि ग्रीनबर्ग या दोघांनी त्याचं भावंड एचएसएल (यातला एल लाइटनेसचा) मांडलं. चित्रकार जसा विचार करतो, आधी रंग घे, मग त्यात पांढरा टाक, काळा टाक, तसं मशीनवर करता यावं हा हेतू होता, आणि तेव्हाच्या मशीनला झेपेल असा सोपा हिशोब होता. हेतू अगदी चांगला. तक्रार एवढीच की तो सोपा हिशोब जवळपास तसाच आजही आपल्यासमोर आहे, आणि मशीन कुठल्या कुठे गेलं तरी खिडकी तीच.

तिची लबाडी एका उदाहरणात कळते. पट्टीवर पिवळा घ्या आणि चौकोनाच्या अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात क्लिक करा. ब्राइटनेस किती? १००. आता पट्टी निळ्यावर आणा, कोपरा तोच. ब्राइटनेस? १००. पण मघाचा हिशोब लावला तर तो पिवळा येतो २२६ आणि निळा येतो २९! एक जवळजवळ कागदाइतका उजळ, दुसरा जवळजवळ शाईइतका काळा, आणि खिडकी दोघांना शंभरपैकी शंभर देते. कारण तिच्या भाषेत ब्राइटनेस म्हणजे तीन दिव्यांपैकी सगळ्यात जास्त पेटलेला दिवा किती पेटलाय एवढंच. डोळ्याला किती उजळ दिसतं याच्याशी त्याचा संबंध लावायचाच नाही. मग आपल्यासारखा माणूस काय करतो, ब्राइटनेस ८६ वर ठेवून पट्टी सरकवत सरकवत लाल, निळा निवडतो, हिरवा जरा खाली घेतो, तिन्ही छान ठसठशीत दिसतात, आणि पान काळंपांढरं झालं की रंगाचा बेरंग.

ह्यापेक्षा जुनी माणसं जास्त शहाणी होती असं मला कधीकधी वाटतं. मुन्सेल नावाचा अमेरिकन चित्रकार-शिक्षक होता, त्याने १९०५ मध्येच रंगाचे तीन गुण वेगळे काढले, जात, उजळपणा आणि तेज (म्हणजे भडकपणा). कॉम्प्युटर नव्हता, डोळ्यांनी बघून बघून रंगांच्या पट्ट्या लावल्या. त्याच्या लक्षात आलं की पिवळ्याचं सगळ्यात जास्त तेज उजळ बाजूला येतं आणि निळ्या-जांभळ्याचं काळोख्या बाजूला, त्यामुळे सगळे रंग मांडल्यावर जे झाड तयार होतं ते चांगलंच वेडंवाकडं, एका बाजूला वर फांदी फुटलेली, दुसऱ्या बाजूला खाली. रंगांचा खरा आकार असा वेडावाकडा आहे. आपण तो ओढूनताणून चौकोनात बसवलाय कारण चौकोन स्क्रीनवर काढायला सोपा.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला तपकिरी रंग हवा होता. इंद्रधनुष्याच्या पट्टीवर वरून खाली, खालून वर माऊस फिरवत बसला, शेवटी म्हणाला, "मॅडम, यात तपकिरी दिलेलाच नाही." खरंच नाही! तपकिरी हा वेगळा रंगच नाहीये, तो काळोखात गेलेला नारिंगी आहे. मी त्याला म्हटलं २५५, १२८, ० घे, झगझगीत नारिंगी. आता ह्यूला हात न लावता खाली खाली ये. १३०, ७५, २० ला आला, ह्यू अजून ३० अंशच, आणि समोर एकदम व्यवस्थित लाकडासारखा तपकिरी. पोरगं दोन मिनिटं गप्प बसलं. ऑलिव्ह हिरव्याचं तसंच, तो म्हणजे काळपट पिवळा. करड्यालाही पट्टीवर जागा नाही, तो सगळ्या रंगांच्या डाव्या काठाला पडून असतो. आपल्या भाषेत रंगांना केवढी नावं आहेत, मोरपंखी, पारवा, अबोली, राखाडी, मळकट, फिक्कट, आणि यातली निम्मी तरी उजळपणाविषयी आणि तेजाविषयी बोलतात, जातीविषयी नाही. म्हणजे बोलताना आपल्याला हे सगळं कळत असतं, खिडकी उघडली की विसरतो.

आकड्यांचा घोळ हा आणखी एक वेगळाच ताप. एकदा फोनवर एका सहकाऱ्याला मी सांगितलं, ह्यू १२० घाल, सॅच्युरेशन पूर्ण. माझ्याकडे १२० म्हणजे स्वच्छ हिरवा, चाकाचे ३६० अंश असतात त्या हिशोबाने. त्याने ज्या प्रोग्रॅममध्ये काम चालवलं होतं तिथल्या जुन्या खिडकीत ह्यू ० पासून २३९ पर्यंतच जातो, म्हणजे तिथे हिरवा ८० ला, आणि १२० ला बसलाय आकाशी-हिरवट सायन. फाईल आली तेव्हा सगळी पानं समुद्रासारखी दिसत होती, तो म्हणतोय मी तुम्ही सांगितला तोच आकडा टाकला, मी म्हणतेय मी हिरवा सांगितला होता, आणि दोघंही खरं बोलतोय. तेव्हापासून ह्यूचा आकडा तोंडी सांगायचा नाही, हेक्स कोड (रंगाचा सहा अक्षरी नंबर) लिहून पाठवायचा हा नियम. फोटोशॉपच्या खिडकीत तर बी हे अक्षर तीनदा येतं, एक बी ब्राइटनेसचा, एक ब्लूचा, एक लॅब नावाच्या रंगांच्या आणखी एका मांडणीतला. नवीन माणूस गोंधळला नाही तरच नवल. आणि वेब डिझाईन करणाऱ्यांना ठाऊक असेल, तिथे रंगांना जी इंग्रजी नावं दिलीत त्यात ग्रे हा १२८ आहे आणि डार्क ग्रे १६९, म्हणजे डार्क म्हणवणारा साध्यापेक्षा उजळ! दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या याद्या एकत्र करताना ही गफलत झाली आणि मग तशीच राहिली.

आता मुख्य गोष्ट. मी उजळपणा उजळपणा करतेय तर तो तपासायचा कसा? इथेही एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलेय. बहुतेक लोक काय करतात, ह्यू-सॅच्युरेशनची खिडकी उघडून सॅच्युरेशन ओढून उणे शंभर करतात, चित्र करडं होतं, बघतात, रेघा वेगळ्या दिसतायत ना, झालं, ओके. मी आपल्या आलेखाच्या त्या तीन रंगांवर हे करून बघितलं. लाल आला १३५, हिरवा ९५, निळा १४०. म्हणजे लाल आणि हिरव्यात चाळीसचा फरक, स्पष्ट दिसेल असा! बिचाऱ्या आर्टिस्टने कदाचित हे तपासलंही असेल आणि निश्चिंत झाला असेल. पण हा करडा खोटा आहे. सॅच्युरेशन शून्य केलं की सॉफ्टवेअर तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा घेऊन त्यांची सरासरी काढतं, एचएसएलचा हिशोब, डोळ्याचा नव्हे. या पद्धतीने मघाचा झगझगीत पिवळा आणि गडद निळा दोन्ही १२८ येतात, अगदी एकसारखे, करून बघा. छपाईसाठी फाईल ग्रेस्केलमध्ये (नुसत्या करड्या छटांत) जाते तेव्हा हा हिशोब लागत नाही. ग्रेस्केलचं गणित सॉफ्टवेअरगणिक आणि प्रोफाईलगणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण हिरव्याला जास्त आणि निळ्याला कमी हे सगळीकडे असतंच, आणि तिथे लाल-हिरवा चिकटतात ते चिकटतातच.

मग खरी तपासणी कशी? एक तर फाईलची कॉपी करून तिचा मोडच ग्रेस्केल करा. किंवा मी करते तसं, सगळ्यात वर एक लेयर (चित्रावरचा वेगळा थर) घ्या, तो काळ्याने भरा, त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळायची पद्धत) कलर ठेवा आणि डोळ्याचं चिन्ह दाबून कधी चालू कधी बंद करत काम करा. गिम्प या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डीसॅच्युरेटला (रंग काढून टाकायला) गेलात तर तो विचारतोच, लाइटनेसने करू की ल्युमिनन्सने, तिथे लाइटनेसकडे जाऊ नका, तो एचएसएलचाच हिशोब. हा लेयर मी प्रत्येक फाईलमध्ये पहिल्या मिनिटाला टाकते, जशी चहाआधी चूळ भरावी तशी सवय झालीय. आणि फोटोशॉपच्या त्याच बदनाम खिडकीत एक चांगली सोय लपलीय जी फार कमी लोक वापरतात. एल लिहिलंय त्याच्या शेजारच्या गोल बटणावर क्लिक करा. शेजारची पट्टी लगेच इंद्रधनुष्याची न राहता उजेड-अंधाराची होते. हा लॅबमधला एल, १९७६ मध्ये सीआयई या उजेड-रंगाची मापं ठरवणाऱ्या संस्थेने ठरवलेला, माणसाच्या डोळ्याला दिसतो तसा उजळपणा ० ते १०० मध्ये. त्यात तो पिवळा जातो ९७ च्या आसपास आणि निळा राहतो ३० च्या आसपास, इथे कुणालाही फुकटचे शंभर मिळत नाहीत. आपल्या आलेखाचे तिन्ही रंग टाकले तर तिघंही पन्नाशीच्या आगेमागे घुटमळतात. दहा सेकंदांत चूक दिसली असती.

एल आधी ठरवा आणि ह्यू मागाहून, एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं त्याच्या मागे येतं. कोणती गोष्ट वाचकाला आधी दिसायला हवी तिला सगळ्यात जास्त उजेड-अंधाराचा फरक द्या, मग ती लाल करा नाहीतर जांभळी करा. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यासाठी तर वेबवाल्यांनी आकडाच ठरवून दिलाय, साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधाराचा फरक) हवा. लोकांना वाटतं पांढऱ्यावर लाल अक्षरं म्हणजे ठसठशीत, पण शुद्ध लाल २५५, ०, ० पांढऱ्यावर जेमतेम ४ ला १ भरतो, नापास. पांढऱ्यावर पिवळा तर १.०७, म्हणजे लिहिलं काय नि न लिहिलं काय सारखंच.

याचा आणखी एक फायदा आहे आणि मला तो पानाच्या काळेपांढरेपणापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. माझ्याबरोबर काम करणारा एकजण लाल आणि हिरव्यात नेहमी चाचपडतो. त्याने वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नाही, मीच एकदा विचारलं की तू लेयरना रंगांची नावं का लिहून ठेवतोस, तेव्हा कळलं. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये दर बारांत एकाला हा त्रास कमीअधिक असतो, बायकांमध्ये फारच कमी कारण हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. अणूंचा सिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन, त्याने १७९४ मध्ये स्वतःच्या डोळ्यांबद्दल हेच लिहून ठेवलंय. म्हणजे आपला रंगीत आलेख, रंगीत पानावर छापला असता तरी, अशा वाचकाला त्यातल्या लाल आणि हिरव्या रेघा ओळखायला अवघडच गेल्या असत्या कारण उजळपणातही फरक नव्हता. रंग ओळखता आला नाही तरी फिका-गडद सगळ्यांना दिसतो. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये प्रूफ सेटअपला असा डोळा कसा बघतो ते दाखवणारं सेटिंग आहे, गिम्पमध्ये डिस्प्ले फिल्टर्समध्ये आहे. एकदा लावून आपलीच जुनी कामं बघा, घाम फुटतो.

रंग बदलण्याविषयी, म्हणजे एडिटिंगविषयी थोडं, कारण निवडण्यापेक्षा जास्त वेळ त्यातच जातो. क्लायंट म्हणतो जरा डार्क करा, आणि आपण ह्यू-सॅच्युरेशनचा लाइटनेस स्लायडर डावीकडे ओढतो. तो स्लायडर सगळ्यावर सरसकट काळा फासतो, चित्र धुरकट होतं, उजळ जागाही मरतात. त्याऐवजी कर्व्हज (उजळ, मधल्या नि काळपट छटा वेगवेगळ्या हलवणारी वाकडी रेघ) घ्या, मधल्या टोनला जरा खाली ओढा, वरचं टोक तिथेच ठेवा. आणि सावलीचा रंग काढताना मूळ रंगात नुसता काळा न मिसळता ह्यू पण जरासा सरकवा, पिवळ्याची सावली नारिंगीकडे नेली तर ती जिवंत राहते, नाहीतर हिरवट मळ दिसतो. हे सगळं वेगळ्या ॲडजस्टमेंट लेयरवर, मूळ चित्राला हात न लावता. आणि व्हेक्टरमध्ये (रेघा-आकारांच्या चित्रांत) काम करत असाल तर स्वॉच (साठवून ठेवलेला रंग) ग्लोबल ठेवा म्हणजे एका जागी बदललं की चाळीस पानांवर बदलतं, हे मी एका रात्री तीनशे आकृत्या एकेक करून बदलल्यावर शिकले.

ग्रेडियंटमध्येही, म्हणजे एका रंगातून हळूहळू दुसऱ्यात जाणाऱ्या पट्ट्यातही, तेच दुखणं. निळ्यापासून पिवळ्यापर्यंत ग्रेडियंट ओढा, मध्ये काय येतं? आरजीबीच्या हिशोबाने बरोबर मध्यावर तिन्ही दिवे निम्मे निम्मे, म्हणजे करडा. दोन सुंदर रंगांच्या मधोमध मातीचा पट्टा. लाल ते हिरवा केलात तर मध्ये शेवाळी चिखल. यावर अलीकडे चांगला उपाय आलाय, ब्योर्न ऑटोसन नावाच्या माणसाने २०२० मध्ये ओकेलॅब नावाची नवी मांडणी दिली, तिच्यात उजळपणाही डोळ्याला पटेल असा आणि मधले रंगही पुष्कळ बरे, फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांनी ग्रेडियंटसाठी ती घेतली, वेबच्या सीएसएसमध्येही (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) आली. मी सध्या वेबच्या कामाला रंग तिचंच दुसरं रूप असलेल्या ओकेएलसीएचमध्येच ठरवते, म्हणजे उजळपणा, तेज आणि जात असे तीन आकडे, आणि उजळपणा पहिला लिहावा लागतो ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. जुने लोक कुरकुरतात की तेजाचा आकडा वाढवला की काही रंग स्क्रीनच्या आवाक्याबाहेर जातात. जातात, कारण झाड वेडंवाकडं आहे, तेच तर मुन्सेल सांगत होता.

एक शंका लोक नेहमी काढतात की एवढे आकडे पाळले तरी रंग छापल्यावर वेगळाच दिसतो, मग आकडे कशाला? वेगळा दिसतो हे खरं. स्क्रीन उजेड फेकते आणि कागद उजेड खातो, आरजीबीतला तो शुद्ध निळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) गेला की जांभळट होतो, न्यूजप्रिंट तर शाई पिते म्हणून चारही शाया मिळून (एकेकीचे जास्तीत जास्त १०० धरून) सुमारे २४० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. वर संध्याकाळी मॉनिटरचा नाईट मोड चालू राहिलेला असतो आणि माणूस स्किन टोन सुधारत बसलेला असतो. शिवाय शेजारचा रंगही घात करतो. शेव्ह्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलां कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता, तिथे तक्रारी यायच्या की तुमचा काळा रंग फिका पडतो. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा मिणमिणीत दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथच लिहिला. मला हे माहीत असतं तर "तुम्ही आमच्या लोगोचा रंग बदललात" म्हणणाऱ्या एका क्लायंटशी अर्धा दिवस वाद घातला नसता, कोड तोच होता, मागची पट्टी फक्त पांढऱ्याची गडद केली होती. पण या सगळ्या भानगडींत ह्यू इकडेतिकडे होतो, तेज उतरतं, आणि त्यातल्या त्यात टिकून राहतो तो उजेड-अंधाराचा फरक. तो आधी नीट बांधला असेल तर वाईट कागद, जुना मॉनिटर, झेरॉक्स, सगळ्यातून चित्र वाचता येतं.

तर आपल्याला विनंती अशी की आलेख, नकाशे, पाय चार्ट काहीही पानावर लावण्याआधी एकदा ग्रेस्केल करून बघण्याची पद्धत आपल्या आर्ट विभागात पाडावी, रंगीत पानासाठी असलं तरीही. आणि खाली "लाल रेघ, हिरवी रेघ" अशी यादी देण्यापेक्षा रेघेच्या टोकालाच वर्ष लिहावं, जागा तर तिथे असतेच.

त्या पावसाच्या आलेखासाठी मी नुसती टीका न करता रंग काढून दिलेत, हवे तर वापरा. यंदाची रेघ गडद निळी २०, ५०, ११०, तिचा करडा येतो ४८. गेल्या वर्षीची लाल २००, ५०, ६०, करडा ९६. त्याआधीची नारिंगी २४०, १५०, ४०, करडा १६४, ती पांढऱ्या कागदावर जरा नरम पडेल म्हणून थोडी जाड आणि तुटक काढा. मी हे घरच्या प्रिंटरवर काळ्यापांढऱ्यात छापून सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी तिन्ही रेघा बोटाने बरोबर दाखवल्या आणि मग म्हणाले, "पण यंदाचा पाऊस एवढा कमी आहे होय?"

आपली,
एक नियमित वाचक